लातूर पॅटर्न बारावीलाच का थांबतो?

गेटचे फॉर्म साधारण ऑगस्टअखेरीला सुटतात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. मधल्या पाच-सहा महिन्यांत आपल्या लातूरची इंजिनिअर झालेली पोरं काय करतात, हे जरा बघा. ज्यांच्या घरी जमतं ती पुण्याला खोली करून क्लास लावतात. ज्यांच्या घरी जमत नाही ती इथंच राहतात, मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि "तयारी चालू आहे" असं सांगत राहतात. बारावीच्या पोरासाठी अख्खं शहर जागं असतं. त्याच पोराची डिग्री झाली की त्याला कुणी विचारत नाही.

ही परीक्षा लहान नाही. गेटच्या स्कोअरवर एमटेकला पूर्णवेळ प्रवेश मिळाला की महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी, एनआयटीची दारं याच स्कोअरवर उघडतात. काही सरकारी कंपन्याही यावरूनच इंजिनिअर घेतात. स्कोअर तीन वर्षं चालतो. ज्या घरात पुढच्या शिक्षणाला पैसा नाही, त्या घरासाठी "शिकताना पैसे मिळतात" हा रस्ता किती मोलाचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता मुद्द्याचं. या परीक्षेच्या सरावाला लागणारे प्रश्न फुकट आहेत. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी आळीपाळीनं ही परीक्षा घेतात आणि जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसकट अधिकृत संकेतस्थळावर ठेवतात. सरावासाठी मॉक टेस्टही तिथंच असते. एनपीटीईएलनं गेटसाठी वेगळं पोर्टल केलंय, त्यावर सोडवलेले प्रश्न आहेत. यातल्या कशालाच एक रुपया पडत नाही. मग अडतं कुठं?

ओळखीतल्या एका मुलीला मी हेच विचारलं. सिव्हिल झालेली, हुशार. ती म्हणाली, "काका, पेपर सगळे आहेत माझ्याकडे. तीन तास सलग बसायला जागा नाही, आणि चुकलं तर विचारायला माणूस नाही." घरात दोन खोल्या, पाहुण्यांची ये-जा, आणि पेपर सोडवायचा तो मोबाइलच्या पाच इंची स्क्रीनवर.

हे किती महत्त्वाचं आहे ते सांगतो. गेट कॉम्प्युटरवर होते. ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही, स्क्रीनवर जो दिसतो तोच माऊसनं दाबत बसायचं. ज्यानं कधी तो वापरलेला नाही, त्याची मिनिटं तिथंच जातात. मोबाइलवर पीडीएफ बघून ही सवय लागत नाही.

दुसरं म्हणजे सराव करायचा कसा. आपल्याकडं प्रश्न सोडवणं म्हणजे प्रश्न वाचायचा, दोन मिनिटं डोकं खाजवायचं आणि उत्तराचा व्हिडिओ लावायचा. व्हिडिओतले सर सोडवतात तेव्हा सगळं कळतं. वही घेऊन एकट्यानं बसलं की कळत नाही. साधं उदाहरण घ्या. गाडी जाताना ताशी ६० किलोमीटरनं गेली, त्याच रस्त्यानं येताना ताशी ४० नं आली, तर सरासरी वेग किती? घाईत बहुतेक जण ५० म्हणतात. अंतर १२० किलोमीटर धरा. जायला २ तास, यायला ३ तास. २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणजे उत्तर ४८. हे वाचलं की सोपं वाटतं. पण "मी ५० का म्हणालो" हे स्वतःला विचारून वहीत लिहिल्याशिवाय पुढच्या वेळी पुन्हा ५० च येतं, फक्त गाडीच्या जागी नाव किंवा पाण्याची टाकी असते. सराव म्हणजे किती प्रश्न झाले याचा आकडा नव्हे. चुकलेल्या प्रश्नांची वही किती प्रामाणिक आहे, तो सराव.

तुक्का कधी मारायचा, हेही सरावातच कळतं. एका गुणाचा, चार पर्यायांचा प्रश्न चुकला की एक तृतीयांश गुण कापला जातो. असे १२ प्रश्न डोळे मिटून ठोकले तर सरासरीनं ३ बरोबर येणार, ९ चुकणार. तीन मिळाले, तीन गेले, हातात शून्य. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे ओळखता आलं, तर ६ बरोबर, ६ चूक. सहातून दोन वजा, चार गुण हातात. आणि जिथं उत्तराचा आकडा स्वतः टाइप करायचा असतो किंवा एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथं गुण कापतच नाहीत. हे गणित हॉलमध्ये बसून सुचत नाही. आधी दहा-पंधरा पेपर पूर्ण वेळ लावून दिलेले असतील तरच हात तसा चालतो.

आता सांगा, लातूर पॅटर्न म्हणजे दुसरं काय होतं? आपल्या शिक्षकांकडं काही गुप्त प्रश्न नव्हते. प्रश्न रोज सोडवायचे, ठरल्या दिवशी परीक्षा द्यायची, पेपर लगेच तपासायचा आणि चुकलेलं पुन्हा करून घ्यायचं. सोबतीला शेजारच्या बाकावर तेवढाच झटणारा दुसरा पोरगा. एवढ्यावर या शहराचं नाव राज्यभर झालं.

कुणी म्हणेल, त्या पॅटर्ननं घोकंपट्टी वाढवली, तीच पुढं न्यायची का? आक्षेप खोटा नाही. बारावीपर्यंत पाठांतरावर बरंच निभावतं. गेटमध्ये मात्र आकडा स्वतः काढायचा असतो तिथं पर्याय बघून ओळखायची सोयच नाही. अनेक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात एक जरी सुटला तरी पूर्ण प्रश्नाचे गुण शून्य. अशा पेपरचा सराव नीट केला तर घोकंपट्टीची सवय उलट मोडते. पॅटर्नमधली शिस्त आणि सोबत घ्यावी, पाठांतर मागं ठेवावं.

दुसरं कुणी म्हणेल, क्लास आहेत की. आहेत. पण प्रश्न फुकट असताना पोरगा पैसे नेमके कशाचे मोजतोय ते बघा. बसायला खुर्ची, समोर कॉम्प्युटर, वेळ लावणारा माणूस आणि शंका विचारायची सोय. यातलं बरंचसं शहरात आधीच आहे. कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅबना रविवारी कुलूप असतं. अभ्यासिका ठिकठिकाणी झाल्या, त्याबद्दल कौतुकच आहे, पण त्या खुर्ची-टेबलाच्या आहेत, आणि परीक्षा कॉम्प्युटरवर आहे. मुलींचं तर विचारूच नका. पुण्याला पाठवायचं की लग्नाचं बघायचं, एवढे दोनच पर्याय घरासमोर ठेवले की काय निवडलं जातं, आपल्याला माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सप्टेंबर ते जानेवारी दर रविवारी सकाळी शहरातल्या एखाद्या कॉलेजनं एक लॅब चार-पाच तास उघडी ठेवावी. तीन तास एक जुना पेपर, खऱ्या परीक्षेसारखा, मोबाइल बाहेर. त्यानंतर चहा आणि दीड तास फक्त चुकलेल्या प्रश्नांची चर्चा. शिकवायला कुणी मोठा तज्ज्ञ नको. आधी गेट दिलेली पोरं आहेत, निवृत्त प्राध्यापक आहेत, त्यांना मानानं बोलवा. नव्या अभ्यासिकेचं भूमिपूजन करणाऱ्यांनी कोनशिलेच्या खर्चात चार कॉम्प्युटर बसतात का, तेवढं बघावं. पाचवा महिना संपेपर्यंत प्रत्येकाचे वीसेक पेपर पूर्ण झालेले असतील. एवढा सराव घरी एकट्यानं फार थोड्यांना जमतो.

कुणा संस्थाचालकांच्या, प्राचार्यांच्या ओळखीत असाल तर हे त्यांच्यापर्यंत पोचवा. लॅबची किल्ली मिळाली तर पहिल्या रविवारी दार उघडायला आणि घड्याळ लावायला मी येतो.