जिरवलेल्या पाण्यात काय जिरले?

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. हे सगळे नत्र नायट्रेट होऊन पाण्यात उतरले, तर सुमारे ९२ किलो नायट्रेट तयार होईल. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते. या हिशेबाने एक गोणी २० लाख लिटर शुद्ध पाणी मर्यादेच्या काठावर आणू शकते. दहा हजार लिटरचे दोनशे टँकर.

प्रत्यक्षात अख्खी गोणी कधीच वाहून जात नाही. नत्राचा साधारण एक तृतीयांश भाग पिकाला लागू पडतो, काही हवेत उडून जातो आणि उरलेल्यातला काही भाग पाण्याबरोबर विहिरीत किंवा नाल्यात उतरतो. तो ‘काही’ म्हणजे नेमका किती, हे शोधणे पाणलोटाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या विश्लेषकाचे काम. महाराष्ट्राने पाणी अडवण्या-जिरवण्यावर हजारो कोटी रुपये खर्च केले. हा प्रश्न विचारणारा माणूस मात्र त्या खर्चात कुठे बसवलेला दिसत नाही.

जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले. दरवर्षी पाच हजार गावे घ्यायची आणि २०१९ पर्यंत राज्य टंचाईमुक्त करायचे, असे उद्दिष्ट होते. ‘कॅग’चा अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात आला, तेव्हा खर्चाचा आकडा ९,६३३ कोटींवर गेला होता. सहा जिल्ह्यांतली १२० गावे तपासून लेखापरीक्षकांनी निष्कर्ष काढला की गावे पाण्याबाबत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर अभियानाचा फारसा परिणाम झालेला नाही. त्यावर राजकारण झाले. ते व्हायचेच होते. पण काही गावांत लोकांना खरोखर फरक जाणवला होता, हेही खोटे नव्हे. मग हा गोंधळ कशामुळे?

नालाखोलीकरण किती किलोमीटर झाले, सिमेंट नाला बांध किती बांधले, किती टीसीएम (हजार घनमीटर) साठवण क्षमता निर्माण झाली, जिओटॅग फोटो किती चढवले, हे सगळे मोजले गेले. ही कामाची मोजदाद आहे आणि कंत्राटदाराचे बिल काढायला ती पुरते. पाण्याचे काय झाले, हे तिच्यातून कळत नाही.

शिवाय पाऊस आकड्यांना फसवतो. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे दुष्काळी होती, २०१६ चा पाऊस बरा झाला. दुष्काळात सुरू केलेली कोणतीही योजना पुढच्या चांगल्या पावसाळ्यात यशस्वी दिसते, कारण विहिरींची पातळी योजना नसती तरीही वाढलीच असती. २०१८ मध्ये पावसाने दगा दिला. हजारो गावे दुष्काळमुक्त झाल्याची भाषणे चालू असतानाच सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. योजनेचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे वेगळे काढायचे तर तितकाच पाऊस झालेली, तशीच जमीन असलेली, पण काम न झालेली शेजारची गावे तुलनेला घ्यावी लागतात. काम सुरू होण्याआधीची काही वर्षांची मोजणीही हाताशी लागते. यातले अवघड गणित फारसे नाही. चिकाटी मात्र खूप लागते.

चिकाटी का, ते तक्ते उघडल्यावर कळते. एका यादीत गाव ‘खुर्द’, दुसरीत ‘खु.’, तिसरीत नुसतेच नाव. त्यामुळे बुद्रुकचा बंधारा खुर्दच्या नावावर चढतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झालेली विहीर नकाशावर भलत्याच देशात निघते. मोजणी झालीच नाही म्हणून रिकामी सोडलेली चौकट संगणक शून्य समजू शकतो, आणि पाणी जमिनीपासून किती खोल हे सांगणाऱ्या तक्त्यात शून्य म्हणजे काठोकाठ भरलेली विहीर. नायट्रेटच्या बाबतीत तर एककाचाच सापळा आहे. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेटमधले नत्र’ म्हणून, आणि दोहोंत जवळपास साडेचार पटींचा फरक असतो. अमेरिकेची नत्राची १० मिलिग्रॅमची मर्यादा आणि आपली नायट्रेटची ४५ ची मर्यादा प्रत्यक्षात जवळजवळ एकच आहे. हे न कळता दोन तक्ते जोडले, तर विषारी विहीर निर्धोक ठरू शकते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवते. ही नोंद काही दशकांची असल्याने मोलाची आहे. पण राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टचा. इथे एका विहिरीला झरे लागतात आणि बांधापलीकडची ठणठणीत राहते. एका निरीक्षण विहिरीवरून अख्ख्या गावाचा निवाडा करणे म्हणूनच धाडसाचे. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळाला एक, आणि मंडळात गावे कितीतरी. एका शिवारात ढगफुटी होऊन शेजारचे कोरडे राहिले तरी दोघांच्या नावे पाऊस सारखाच लागतो. पीकविम्याच्या भांडणांमुळे शेतकऱ्यांना हे केव्हाच कळले आहे.

हे सगळे झाले पाणी किती यापुरते. कसे, याची मोजणी त्याहून विरळ.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या जवळपास ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त आढळले. देशातल्या सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांपैकी सात आपले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. हे काही मुख्यतः उसाचे जिल्हे नव्हेत. नायट्रेट फक्त युरियातून येते असेही नाही. गोठा, उकिरडा, शौचालयाचे शोषखड्डे यांतूनही ते झिरपते. वाटा कोणाचा किती, हे नत्राच्या समस्थानिकांच्या चाचणीने बऱ्याच अंशी कळू शकते. अशी चाचणी न करता शेतकऱ्याकडे बोट दाखवणे सोपे असते, तितकेच अन्यायाचेही. युरिया किलोला सहा रुपयांच्या आत आणि डीएपी सत्तावीस रुपये, हे दर शेतकऱ्याने ठरवलेले नाहीत. २०१० मध्ये पोषणमूल्यावर आधारित अनुदान आले, तेव्हा युरियाला त्यातून वगळले ते दिल्लीने.

पाणलोट विकासाच्या चर्चेत एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही. पाणी जिरते तेव्हा त्यात विरघळलेलेही जिरते. बंधारा आणि सलग समतल चर माती अडवतात, म्हणून मातीला चिकटून वाहणारा स्फुरद बराचसा थांबतो. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, ते पाण्याबरोबर खाली जाते. मुरलेल्या पाण्याने विहीर भरते, बागायत वाढते, बागायतीबरोबर खत वाढते. म्हणजे पातळीच्या तक्त्यात यशस्वी ठरलेले गाव गुणवत्तेच्या तक्त्यात घसरलेले असू शकते. चांगल्या पावसात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे कमी दिसले, तरी वाहून गेलेले एकूण वजन वाढलेले असू शकते. वर्षाच्या अपधावाचा, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचा, मोठा भाग मोजक्या जोरदार पावसांत निघून जातो. महिन्यातून एकदा बाटली भरून आणणाऱ्याला तो बहुधा सापडतच नाही.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याने यावर उपाय केला होता. मका, सोयाबीन आणि डुकरे यांवर उभे असलेले हे राज्य. तिथल्या विद्यापीठाने नद्यांत नायट्रेट सतत मोजणारे संवेदक बसवले आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवले. डे मॉइन शहराची पाणीपुरवठा संस्था १९९० च्या दशकापासून नायट्रेट काढण्याचा प्रचंड प्रकल्प चालवते. तिने २०१५ मध्ये वरच्या अंगाच्या शेतांतले पाणी नदीत सोडणाऱ्या निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. विद्यापीठातले संशोधक ख्रिस जोन्स यांनी राज्यातल्या पशुधनाच्या मलमूत्राचा हिशेब मांडला. ते १३ कोटींहून अधिक माणसांच्या मलमूत्राएवढे भरले, म्हणजे महाराष्ट्राच्या २०११ च्या लोकसंख्येहून जास्त. आयोवात माणसे जेमतेम ३२ लाख. २०२३ मध्ये, ज्या निधीतून हे संवेदक चालत त्यातले पाच लाख डॉलर विधिमंडळाने दुसरीकडे वळवले. त्याच वर्षी जोन्स विद्यापीठातून बाहेर पडले. आपल्या लेखनावर आमदार नाराज होते, असे त्यांचे म्हणणे. जून २०२५ मध्ये नद्यांतले नायट्रेट इतके चढले की डे मॉइन परिसरातल्या सुमारे सहा लाख लोकांना हिरवळीला पाणी घालण्यास बंदी आली.

आयोवातल्या शेतांखाली सच्छिद्र नळ्यांचे जाळे आहे. मुळांपाशी साठलेले पाणी ते थेट ओढ्यात नेते आणि नायट्रेटही त्याच वाटेने जाते. सांगली-कोल्हापूर भागात क्षारपड जमीन सुधारण्यासाठी आता अशीच भूमिगत निचरा प्रणाली टाकली जात आहे. जमीन सुधारते, उसाचा उतारा वाढतो, शेतकरी खूश आहेत, आणि ते असायलाच हवेत. त्या नळ्यांच्या तोंडाशी नायट्रेट मोजण्याची व्यवस्था मात्र आजच, कामाच्या अंदाजपत्रकातच धरली पाहिजे. खाली कृष्णा आहे आणि तिच्या काठावर पिण्याच्या पाण्याच्या योजना आहेत.

आपल्याकडे काहीच नाही असे मात्र नव्हे. पोपटराव पवार यांच्या हिवरे बाजारमध्ये पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. तिथे आकडा निर्णयाच्या आधी येतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या चमूने गावनिहाय ताळेबंदाची पद्धत तयार केली, आणि पाऊस, अपधाव, मुरलेले पाणी, पिकाची गरज हे शब्द गावाच्या फलकावर आले. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याचे धोरण आहे. त्यांच्या संचात नायट्रेटची चाचणीही असते.

ताळेबंद कृषी विभागाकडे, चाचण्या पाणीपुरवठा विभागाकडे, बंधाऱ्यांची यादी मृद व जलसंधारणाकडे आणि खतविक्रीची नोंद ई-पॉस यंत्रात. हे चार तक्ते गावागणिक एकत्र ठेवणे, हे जिल्ह्याला दोन माणसांचे काम आहे. त्यांना पगार मिळावा, त्यांचे आकडे पालकमंत्र्यांच्या आढाव्याआधी संकेतस्थळावर जावेत, आणि आकडा गैरसोयीचा निघाला म्हणून त्यांची बदली होऊ नये. पाणलोटाच्या कामांवरच्या खर्चातला एक टक्का यासाठी बाजूला काढला, तर शंभरातला एखादा बंधारा कमी होईल. तो खुशाल व्हावा. सुरुवात म्हणून चारही तक्त्यांत गावाचा जनगणना कोड सारखा लिहिला आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त २.० मधली ज्या गावांची कामे अजून व्हायची आहेत, तिथल्या विहिरींचे नायट्रेट येत्या मे महिन्यात तपासून घेतले, तरी पुष्कळ झाले. पोकलेन शिवारात उतरल्यानंतर त्या गावाचा ‘आधी’चा आकडा कोणालाच मिळवता येणार नाही.