वांग आणि आम्ही

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतील एक शिक्षिका पदराने गाल झाकून वर्गात जाऊ लागल्या. बाळंतपणानंतर त्यांच्या चेहऱ्यावर वांग उमटले होते. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम त्यांनी सहा महिने लावले. प्रथम डाग फिकटले. मग चेहरा लाल होऊन पुटकुळ्या व लव आली. मलम थांबविताच डाग पूर्वीहून गडद झाले.

वांग म्हणजे कुणाची दृष्ट नव्हे, की पोटातील उष्णताही नव्हे. त्वचेतील रंगपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रमाणाबाहेर निर्माण करतात. ऊन, गर्भारपणातील संप्रेरके, संततिनियमनाच्या गोळ्या आणि आनुवंशिकता ही त्याची प्रमुख कारणे. अशा मलमात पुष्कळदा हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला स्टेरॉइड असते. तज्ज्ञ ते ठराविक आठवडेच देतात. आपण पावडरीसारखे रोज फासतो. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली, ती याचसाठी.

छत्री आणि ३० वा अधिक एसपीएफचे उन्हरोधक मलम, तेही दर दोन-तीन तासांनी, हा उपचाराचा पाया. पुढचे औषध त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्याने. गर्भवतींनी तर विशेष जपावे. वांग सावकाश ओसरते आणि उन्हाने परतही येते.

बाईंनी आता पदर सोडला आहे. थोडे डाग आहेत. मुलांचे लक्ष फळ्याकडे असते. मात्र स्नेहसंमेलनात स्वागतगीताला वर्षानुवर्षे गोऱ्या मुली पुढे उभ्या केल्या, त्या आम्हीच. तो डाग कोणत्या मलमाने जाणार?