जाड काचेवर पहिला उपाय : फ्रेम



खत-बियाण्याचा विषय आज बाजूला ठेवू. मुलीला वजा ६ चा नंबर लागतो. चष्मा येतो, पण काचा सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या. मैत्रिणी हसतात म्हणून ती वर्गात चष्मा काढून ठेवते. मग फळा दिसत नाही आणि अभ्यास मागे पडतो. दुकानदार सांगतो, "भारी पातळ काच घ्या." जादा पैसे मोजण्याआधी फ्रेमकडे पाहावे.

वजा नंबरची काच खोलगट वावरासारखी असते. मध्ये पातळ आणि बांधाकडे चढत जाणारी. मध्यापासून जितके लांब जावे तितका चढ वाढतो, तोही झपाट्याने. अंतर दुप्पट झाले तर चढ चौपट होतो. म्हणून वावर लहान ठेवले की बांध बुटका राहतो.

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूस ५२-१८ असे आकडे असतात. पहिला आकडा काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधले नाकावरचे अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. यांची बेरीज दोन बुबुळांमधल्या अंतराच्या जवळपास असावी. मुलीचे हे अंतर ६० आहे असे धरू. ५२-१८ ची बेरीज ७० होते. मग काचेचा मध्य नाकाकडे सरकवावा लागतो आणि साध्या प्लॅस्टिक काचेची कानाकडची कड मध्यापेक्षा सुमारे पावणेसहा मि.मी. जाड होते. ४४-१८ ची फ्रेम घेतली तर हीच जादा जाडी सुमारे सव्वातीन मि.मी. भरते. नंबर तोच, काचही तीच!

आकार गोल किंवा लंबगोल घ्यावा. चौकोनी फ्रेमचे कोपरे मध्यापासून लांब पडतात आणि तिथेच काच जास्त जाड होते. कडा झाकणारी प्लॅस्टिकची फ्रेम असल्यास जाडी डोळ्यांत भरत नाही.

अधिक नंबरची काच अख्ख्या मसुरासारखी, मध्ये फुगीर असते. तिथेही मोठ्या फ्रेममुळे मधली जाडी आणि वजन वाढते. वडीलधाऱ्यांच्या दोन नंबरी चष्म्याला मात्र फार बुटकी फ्रेम नको. खालच्या वाचनाच्या भागाला जागा उरत नाही.

नंबर दोन-अडीचपर्यंत असेल तर फारसा फरक पडत नाही. नंबर मोठा असेल तर फ्रेम घ्यायला मुलीला सोबत न्यावे आणि तिचा डोळा काचेच्या मधोमध येतो ना, हे समोर उभे राहून पाहावे. एवढे करूनही काच जाड वाटली, तरच भारी काचेचा विचार करावा.