वसतिगृहामागची सखल जागा

या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेच्या पुढील विकासाविषयी सूचना मागविण्यात आल्या, तेव्हा सर्वांत अधिक पत्रे एकाच विषयावर आली. मुलांच्या वसतिगृहामागे जी सखल, पाणथळ जागा आहे ती भराव टाकून सपाट करावी, तेथे खेळाचे दुसरे मैदान तयार करावे आणि चारही कोपऱ्यांत उंच खांबांवर दिवे बसवावेत, असा त्या पत्रांचा आशय आहे. काही माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी देणगी देण्याची तयारीही दर्शविली आहे. या मंडळींच्या सद्भावनेविषयी आमच्या मनात यत्किंचितही शंका नाही. तरीही शाळेत विज्ञान शिकविणारे आम्ही शिक्षक या सूचनेशी सहमत नाही. आमची असहमती ज्या प्राण्यामुळे आहे त्याचे नाव ऐकून अनेकांना हसू येईल, हेही आम्हांस ठाऊक आहे. तो प्राणी म्हणजे बेडूक.

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या जागेतून रात्रभर कसला कोलाहल उठतो, हे वसतिगृहात एक जून महिना काढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. नवीन आलेली मुले पहिल्या वर्षी त्या आवाजाने झोपत नाहीत. पुढल्या वर्षी पाऊस लांबला, तर हीच मुले बेडूक कधी ओरडणार म्हणून विचारीत येतात. पहाटे खिडकीतून पाहावे, तर डबक्यात लिंबासारखे पिवळेधमक नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगलेल्या निळ्या पिशव्या, आणि त्यांच्यामध्ये मातकट रंगाच्या, सहज लक्षातही न येणाऱ्या माद्या. हा इंडियन बुलफ्रॉग. आज त्याचे शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस असे आहे. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मात्र तो राना टायग्रिना या नावानेच पाठ केलेला आहे.

आणि त्यांतील ज्यांनी पुढे प्राणिशास्त्र घेतले, त्यांनी तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून पाहिलाही असेल. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतील विच्छेदन थांबविण्याचे निर्देश दिले, त्याआधीची ही गोष्ट. त्या ट्रेमध्ये दोन पिवळ्या वस्तू दिसत असत. एक म्हणजे वृषणांजवळ किंवा अंडाशयांजवळ हाताच्या बोटांसारखे फुटलेले चरबीचे झुबके. दुसरी म्हणजे प्रत्येक वृक्कावर पोटाच्या बाजूने ओढलेली पिवळसर नारिंगी रेघ. ही रेघ म्हणजे अधिवृक्क ग्रंथी. आकृतीत तिला बाण दाखवून नाव लिहिले की गुण मिळे, आणि तिचा विषय तेथेच संपे. तो तेथे संपत नाही, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिली वस्तू ऋतूची आहे. बेडकाचे वर्ष पावसाभोवती फिरते. हवेतील ओलावा, तापमान आणि साचलेले पाणी यांची वार्ता मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचते. तेथून पीयूषिका ग्रंथीला आदेश जातो आणि पीयूषिकेकडून वृषण व अंडाशय यांना. नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्या जातीची इतर संप्रेरके वाढतात; त्यांच्यामुळे स्वरयंत्राचे स्नायू बळावतात आणि मादीला घट्ट धरता यावे म्हणून अंगठ्यावर काळसर, खरखरीत गादी येते. मादीच्या शरीरात एस्ट्रोजेनच्या सांगण्यावरून यकृत अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार करू लागते. एवढ्या साऱ्या उभारणीला लागणारी शिदोरी वर सांगितलेल्या चरबीच्या झुबक्यांत साठविलेली असते. आपल्या शेजारी, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रा. एस. के. सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेडकांच्या या चक्राचा दीर्घकाळ अभ्यास केला. पाण्यावरून टणाटण उड्या मारीत जाणारा लहान बेडूक वर्षातील बराच काळ अंडी घालू शकतो. आपला पिवळा बुलफ्रॉग मात्र पावसाळ्याच्या आरंभीच्या मोजक्या रात्रींवर वर्षभराचा डाव लावतो. त्या रात्री हुकल्या तर पुढच्या मृगापर्यंत दुसरी संधी नसते.

दुसरी वस्तू ताणाची आहे. वृक्कावरील त्या रेघेतून कॉर्टिकोस्टेरॉन नावाचे संप्रेरक स्रवते. माणसात जे काम मुख्यत्वे कॉर्टिसॉल करते, ते बेडकात हे करते. बेडकाला हातात धरले की काही मिनिटांतच ते रक्तात वाढू लागते. त्यामुळे त्याची मूळ पातळी जाणून घ्यायची असेल, तर पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यावे, असा संशोधकांचा प्रघात आहे. त्यानंतर जे मोजले जाते त्यात आपल्या हाताचाही हिस्सा असतो. फिजीमधील संशोधकांनी यावर निराळा उपाय शोधला. तेथील विवा या लहानशा बेटावरील दुर्मीळ भू-बेडकाचे रक्त न काढता त्यांनी त्याच्या मूत्रातून संप्रेरके मोजली. रानातील आणि बंदिवासातील अशा दोन्ही बेडकांचे वर्षभराचे चक्र त्यांनी असे नोंदविले, आणि पकडल्यानंतर ताणाचे संप्रेरक कसे चढत जाते हेही दाखविले. बेडूक हातात धरला की तो लघवी करतो, ही गोष्ट आमच्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला अनुभवाने ज्ञात आहे. तिचा असा उपयोग होईल, हे मात्र आम्हांलाही सुचले नव्हते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ताणाचे संप्रेरक म्हणजे विष नव्हे. ओरडणाऱ्या नराला विश्रांतीच्या तुलनेत कैक पट अधिक ऊर्जा लागते, आणि साठविलेली ऊर्जा मोकळी करून देण्याचे काम कॉर्टिकोस्टेरॉनच करते. अनेक जातींत विणीच्या काळात त्याची पातळी मुळातच चढलेली आढळते. २००१ साली शॅरन एमर्सन यांनी मांडलेली कल्पना अशी की, नर रात्रीमागून रात्र ओरडत राहतो तसतशी दोन्ही प्रकारची संप्रेरके बरोबरीने वाढत जातात. पुढे ऊर्जेचा साठा आटला आणि कॉर्टिकोस्टेरॉनने एक मर्यादा ओलांडली, की टेस्टोस्टेरॉन खाली येते आणि नर गप्प होतो. म्हणजे विणीच्या रात्री बेडूक आधीच काठावर उभा असतो. त्या रात्री आणखी एक धक्का बसला, तर तो पेलण्यासाठी त्याच्याकडे फारसे काही उरलेले नसते. आमचा सारा आक्षेप या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

हे धक्के कोणते, याची उत्तरे आता बरीच स्पष्ट झाली आहेत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात वुड फ्रॉगच्या माद्यांना रहदारीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकविला, तेव्हा त्यांचे कॉर्टिकोस्टेरॉन वाढले आणि नरांच्या आवाजाच्या दिशेने जाणे त्यांना जड गेले. फ्रान्समध्ये भेकांवर झालेल्या २०२० सालच्या प्रयोगात रात्रीच्या कृत्रिम प्रकाशामुळे जोड्या जमण्यास विलंब लागला आणि फलित अंड्यांचे प्रमाण घटले. तो प्रकाश तरी मंद होता; आपण बोलत आहोत ते खांबावरच्या दिव्यांविषयी. पाणी लवकर ओसरल्यास काय होते, हे रॉबर्ट डेन्व्हर यांनी वाळवंटी भेकांच्या पिल्लांवर दाखविले. डबके आटू लागले की पिल्लांच्या शरीरातील ताणाची यंत्रणा जागी होते, अवटू ग्रंथीच्या संप्रेरकांना जोर चढतो आणि ती घाईघाईने शेपटी गिळून बाहेर पडतात. जीव वाचतो, पण बाहेर पडणारा बेडूक आकाराने लहान राहतो. सखल जागेला नुसता चर खणून पाण्याला वाट करून देण्याची जी मधली सूचना आली आहे, तिचा अर्थ हा असा आहे.

पालकांच्या पत्रांतील सापांची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. बेडूक तेथे साप हे खरेच आहे, आणि आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार हे तिन्ही आहेत. या बाबतीत पालकांचे म्हणणे रास्त आहे आणि व्यवस्थापनाकडून आजवर ढिलाई झाली, हे मान्य केले पाहिजे. वसतिगृहाच्या भिंतीपासून वीस फुटांचा पट्टा पावसाळाभर कापून स्वच्छ ठेवावा, दाराखालच्या फटी बुजवाव्यात, एकही मूल जमिनीवर झोपू नये आणि प्रत्येक खाटेला मच्छरदाणी असावी. हा खर्च देणगीतून आधी व्हावा. मैदानाची गोष्ट त्यानंतरची.

काहींनी सुचविले आहे की, पावसाळा टाळून उन्हाळ्यात भराव टाकावा म्हणजे बेडकांना त्रास होणार नाही. सूचना दयाळूपणाची आहे, परंतु उन्हाळ्यात ते बेडूक जातात कोठे? ते त्याच मातीखाली, ओल धरून बसलेले असतात. भरावाचा पहिला ट्रक त्यांच्यावरच रिकामा होईल.

आमचा स्वतःचा दोषही येथे नोंदविला पाहिजे. निरीक्षणाच्या तासासाठी म्हणून आम्हीच अनेक वर्षे मुलांना जूनच्या रात्री टॉर्च देऊन बेडूक पकडायला पाठविले. ते रात्रभर बादलीत ठेवले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फिरविले. आम्ही त्यांना इजा करीत नव्हतो, सकाळी सोडूनही देत होतो, त्यामुळे आमचे मन स्वच्छ होते. वर्षातील ज्या मोजक्या रात्री त्यांच्या होत्या, त्यांतील एक आम्ही बादलीत काढायला लावीत होतो, हे फार उशिरा लक्षात आले. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली आणि गोव्यात आजही पावसाळी रात्री वनखाते चोरट्या शिकाऱ्यांवर पाळत ठेवते, हे आम्ही वर्गात आवर्जून सांगत होतो. बादली मात्र टेबलाखाली होती. गेल्या तीन पावसाळ्यांपासून ती प्रथा बंद आहे. आता मुले व्हरांड्यात बसून आवाज मोजतात आणि वहीत पाऊस, वेळ व तारीख लिहितात. विनयात वर्षावासाचे जे कारण नोंदलेले आहे, पावसात उगवलेले गवत आणि बारीक जीव पायाखाली येऊ नयेत हे, ते या मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

आमची सूचना अशी. दुसरे मैदान अवश्य व्हावे, परंतु ते विहिरीच्या वरच्या अंगाला, जेथे आज पडीक जमीन आहे तेथे. तेथील दिवे जून आणि जुलै या दोन महिन्यांत सायंकाळी सातनंतर बंद राहावेत. वर्धापनदिनाचे ध्वनिक्षेपक पावसाळ्यात वसतिगृहाच्या मागील बाजूस लावू नयेत. सखल जागेला हात लावू नये. चरही खणू नये. वरच्या जमिनीवर सपाटीकरणाचा खर्च थोडा अधिक येईल, आणि देणगीदारांनी तो फरक सोसावा अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.

व्यवस्थापन समितीचा निर्णय उन्हाळी सुटीनंतर होणार आहे. त्याआधी ज्या माजी विद्यार्थ्यांना शक्य असेल, त्यांनी पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री जुन्या व्हरांड्यात येऊन बसावे. चहाची व्यवस्था स्वयंपाकघरातून होईल. येताना टॉर्चच्या काचेवर लाल कागद तेवढा चिकटवून आणावा.