बोटावरचा आकडा आणि छातीतली धाप

मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोमेकॉतील प्राणवायूचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला, त्या सुमारास गोमंतकातील अनेक घरांत ऑक्सिमीटर आले. महासाथ ओसरली, यंत्र कपाटात राहिले आणि त्याच्यासोबत एक समजही घर करून राहिला. आकडा ९५ च्या वर असला की श्वासाची काळजी नाही, हा तो समज.

ऑक्सिमीटर रक्तातील हिमोग्लोबिनपैकी किती भाग प्राणवायूने भरलेला आहे, एवढेच सांगतो. धाप ही मात्र रुग्णाची अनुभूती आहे. रक्तक्षय झालेल्या बाईच्या बोटावर ९८ दिसू शकतो आणि तरीही विहिरीवरून घागर आणताना तिचा जीव मेटाकुटीला येतो, कारण मुळात हिमोग्लोबिनच कमी असते. दम्याचा रुग्ण छातीचे सारे स्नायू पणाला लावून आकडा बराच वेळ टिकवून धरतो. उलट कोविडमध्ये प्राणवायू धोकादायक पातळीला उतरूनही शांतपणे फोनवर बोलणारे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले. आकडा आणि धाप एकमेकांची साक्ष देतीलच, असे नाही.

शिवाय आकडाही निर्दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतील प्रत्यक्ष प्रमाण ८८ हून कमी असण्याचे प्रसंग गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या यंत्रांच्या चाचणीत विविध वर्णांच्या त्वचेचा समावेश व्हावा, असा मसुदा काढला. ही टक्केवारी आपल्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. पण सावळ्या त्वचेच्या समाजाने हा वाद परका मानणेही शहाणपणाचे नव्हे.

मग मोजायचे काय? श्वास. पूर्ण एक मिनिट, रुग्णाला न सांगता; सांगितले की तो श्वासाची लय बदलतो. निरोगी प्रौढाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. ते २५ वर गेले, तर ब्रिटनमधील रुग्णालयांची पूर्वसूचना पद्धत या एकाच मापाला सर्वोच्च ३ गुण देते. तरीही २००८ मध्ये एका ऑस्ट्रेलियन वैद्यकीय नियतकालिकातील लेखाने श्वासगतीला 'दुर्लक्षित' लक्षण म्हटले होते, आणि ते विशेषण अजून जुने झालेले नाही. गंमत अशी की, लहान मुलांच्या न्यूमोनियासाठी आरोग्यसेविकेला श्वास मोजायला शिकवले जाते (एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक म्हणजे धोका), पण तिच्याच घरातल्या आजोबांचे श्वास सहसा कोणी मोजत नाही.

मोजण्याइतकेच विचारण्याला महत्त्व आहे, आणि इथे 'धाप लागते का?' हा प्रश्न फसवा ठरतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली वृद्धा 'नाही' म्हणते, कारण देवळाची चढण तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलेली असते. सपाटीवर समवयस्कांच्या मागे पडता का, शंभर मीटरवर थांबावे लागते का, कपडे बदलतानाही दम लागतो का, अशा पायऱ्यांची मोजपट्टी वैद्यकात अनेक दशके आहे. तिच्यात एक घरगुती प्रश्न जोडावा : गेल्या वर्षी जमत होते, ते यंदा काय सोडले? आडवे झाल्यावर गुदमरणे, रात्री दचकून उठून बसणे आणि पायांवर सूज दिसली, तर संशय फुप्फुसाआधी हृदयावर जातो. एक वाक्य सलग बोलता न येणारा रुग्ण मात्र प्रश्नोत्तरांसाठी थांबवायचा नसतो. बोटावर कोणताही आकडा असो, त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

अडचण ज्ञानाची नाही, वेळेची आहे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी शंभर रुग्ण असतील, तर प्रत्येकी एका मिनिटाची मोजणी म्हणजे एक तास चाळीस मिनिटे. हा वेळ डॉक्टरच्या टेबलावर सापडणार नाही. तो नोंदणीच्या खिडकीपाशी बसणाऱ्या परिचारिकेकडेच सापडेल, आणि तिची नेमणूक हा अंदाजपत्रकाचा विषय आहे.