विश्लेषण : इलेक्ट्रिक कारच्या टपावर सामानाची पेटी… ताडोबा-भामरागडच्या वाटेवर रेंज किती घटते?

जून २०२५ मध्ये मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात या मार्गावर इलेक्ट्रिक कारना टोलमाफीची तरतूद आहे. त्यामुळे स्वतःच्या इलेक्ट्रिक कारने ताडोबा, हेमलकसा, मार्कंडा पाहण्याचे बेत आखले जात आहेत. पाच जणांचे सामान डिकीत मावत नाही म्हणून टपावर पेटी, म्हणजे रूफ बॉक्स, बसवण्याचा विचारही होतो. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात पुढचा चार्जर किती दूर आहे, यावर या पेटीची खरी किंमत ठरते.

पेटीमुळे बॅटरी लवकर का संपते?

धावत्या कारला हवा अडवते. वेग दुप्पट झाला, की हा अडथळा चौपट होतो. इलेक्ट्रिक कारचा आकार हवा सहज कापेल असा मुद्दाम घडवलेला असतो. टपावर पेटी चढली, की ती घडण बिघडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार, मोठ्या आकाराच्या टपावरील पेटीमुळे इंधन कार्यक्षमता शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगात १० ते २५ टक्के घटते. हे आकडे इंधनावरच्या गाड्यांचे आहेत. इलेक्ट्रिक कारमध्ये इंजिनाची उष्णता, गाडी उभी असताना जळणारे इंधन असा इतर अपव्यय कमी असल्याने हवेच्या अडथळ्याचा वाटा ठळक होतो. म्हणून वरच्या टोकाचा अंदाज धरून निघणे शहाणपणाचे.

जंगलातल्या रस्त्यांवर हे गणित कसे बदलते?

नागपूर-चंद्रपूर अंतर सुमारे १५० किलोमीटर. जांब, वरोरामार्गे जाणारा हा रस्ता वेगाचा आहे. पेटी सर्वाधिक वीज खाते ती इथे आणि त्याआधी समृद्धीवर. महामार्गावर प्रत्यक्षात ३०० किलोमीटर चालणारी कार धरू. पेटीमुळे २० टक्के घट झाली, तर हाती २४० किलोमीटर उरतात. म्हणजे एरवी एका चार्जिंगमध्ये जेमतेम होणारी नागपूर-चंद्रपूर-नागपूर फेरी आता होत नाही.

गडचिरोलीहून आलापल्ली, भामरागड किंवा सिरोंचाकडे वळल्यावर वेग आपोआप कमी होतो, त्यामुळे हवेचा त्रासही घटतो. मात्र तिथे चार्जर विरळ होत जातात. गडचिरोली ते सिरोंचा हे अंतरच सुमारे २०० किलोमीटर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला, की भामरागडचा संपर्क तुटतो आणि मागे फिरावे लागते. परतीपुरती वीज शिल्लक नसेल, तर टपावरच्या दोन बॅगांची सोय चांगलीच महागात पडते.

आणखी एक मुद्दा. निघताना पडद्यावर दिसणारी रेंज बहुतेक गाड्यांत आधीच्या प्रवासावरून काढलेली असते. काल पेटी नव्हती, आज आहे, हे गाडीला ठाऊक नसते. पहिल्या ३०-४० किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला किती वीज खर्च होते ते पाहावे आणि त्यावरून पुढचा हिशेब करावा.

टपावर किती वजन चालते?

हा आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो आणि तो मॉडेलनुसार बदलतो. त्यात आडव्या पट्ट्या, रिकामी पेटी आणि सामान या तिन्हींचे वजन धरतात. मर्यादा ५० किलो, पट्ट्या ५ किलो आणि पेटी १५ किलो असेल, तर सामानासाठी ३० किलोच उरतात. अनेक गाड्यांवरच्या रेल केवळ शोभेच्या असतात, त्यांवर पट्ट्या कसता येत नाहीत. एमजी विंडसर, महिंद्रा बीई ६ यांसारख्या मोठ्या काचेच्या छताच्या गाड्यांत तर उत्पादकाला विचारल्याशिवाय काहीही बसवू नये.

खड्ड्यांच्या रस्त्यावर टपावरचे वजन आदळते आणि कसलेले नट सैल होतात. त्यामुळे पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि मग प्रत्येक मुक्कामी ते तपासावेत. वजन वर गेल्याने वळणावर गाडी अधिक झुकते. चितळ, सांबर किंवा रानगवा अचानक आडवा आला, तर जोरात ब्रेक लावावा लागतो. त्या वेळी सैल पेटी पुढे सुटू शकते. म्हणून जड सामान डिकीत ठेवावे. चादरी, कपडे, तंबू असे हलके सामान वर.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. छताला भोके पाडून किंवा वेल्डिंग करून बसवलेला कॅरिअर त्यामुळे अडचणीचा ठरू शकतो; अपघात झाल्यास विम्याचा दावाही वादात सापडू शकतो. उत्पादकाने मान्य केलेली, काढता-घालता येणारी पेटी हाच सुरक्षित मार्ग. सामान गाडीच्या बाजूंबाहेर, मागे-पुढे किंवा ठरलेल्या उंचीपलीकडे गेल्यास कलम १९४ (१अ) अन्वये २० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. वाटेतल्या वन तपासणी नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागू शकते, तेव्हा किल्ली हाताशी असावी.

पर्याय कोणते?

आधी गाडीतली जागा पाहावी. टियागो ईव्हीची डिकी २४० लिटरची, नेक्सॉन ईव्हीची ३५०, तर महिंद्रा एक्सईव्ही ९ई ची ६६३ लिटरची आहे. काही गाड्यांत बॉनेटखालीही सामान मावते. मागे बसवायच्या पेटीने महामार्गावरची घट १ ते ५ टक्क्यांवरच राहते. मात्र तिने नंबर प्लेट आणि दिवे झाकता कामा नयेत.

पेटी लागणारच असेल, तर वेग कमी ठेवणे हा सर्वात स्वस्त उपाय. ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेग ठेवल्यास हवेचा अडथळा सुमारे ३६ टक्क्यांनी कमी होतो. नागपूर-चंद्रपूर अंतराला त्यामुळे साधारण २२ मिनिटे जास्त लागतात. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा वातानुकूलन आणि बॅटरी थंड ठेवण्यातही वीज जाते, म्हणून हिशेबात आणखी वाव ठेवावा. ताडोबाच्या सफारीला नोंदणीकृत जिप्सीच लागते. अशा वेळी पेटी मुक्कामी काढून ठेवता येते. रिकामी पेटीही वीज खाते, त्यामुळे गरज संपली की ती टपावरून उतरवावी. चंद्रपूर किंवा गडचिरोलीहून दक्षिणेकडे निघताना बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि परतीचे किलोमीटर मोजूनच पुढे जावे.