सेरेंगेटी रिकामी नव्हती

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या प्रवासाचे क्षितिज आता थेट पूर्व आफ्रिकेपर्यंत पोचले आहे. किलिमांजारोचे आरोहण, सेरेंगेटीतील सिंह आणि न्गोरोंगोरोच्या विवरातील गेंडे दाखविणाऱ्या टांझानियाच्या सहली पुण्या-मुंबईत सहज मिळतात. आपल्या चळवळीतील एखादा शिक्षक वा बँक-कर्मचारी निवृत्तीच्या पैशातून असा बेत आखू लागला की काही साथींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या पडण्याचे कारण नाही. पगारी रजा ही मालकांनी खुषीने दिलेली देणगी नव्हे. ती कामगारांनी लढून मिळविली आहे. त्या रजेत माणसाने डोंगर चढावा, रानातली जनावरे पाहावीत, यात समाजवादाशी विसंगत असे काही नाही. प्रश्न निराळाच आहे. जे पाहावयास आपण जाणार ती भूमी कोणाची, आणि आपण मोजलेला पैसा कोणाच्या हाती पडणार, याचा विचार बेत आखतानाच केला पाहिजे. विमानात बसल्यावर तो करून उपयोग नाही.

सहलीच्या जाहिरातीत एक शब्द हटकून असतो : ‘अस्पर्श’. मनुष्याचा हात न लागलेला निसर्ग! ही कल्पना मुळातच खोटी आहे. ‘सेरेंगेटी’ हे नाव मसाई भाषेतून आले आहे. जमीन जिथे न संपता पुढे जातच राहते ते ठिकाण, असा त्याचा अर्थ. ज्या भूमीला नाव आहे तिथे ते नाव ठेवणारी माणसेही होती. १८९० च्या दशकात बुळकांडीची साथ पूर्व आफ्रिकेत पसरली, मसाईंची गुरे मेली, पाठोपाठ देवी आणि दुष्काळ यांनी माणसे नेली. पुढच्या काळात आलेल्या युरोपीय शिकाऱ्यांना माळराने ओस दिसली आणि त्यांनी त्यांनाच आदिम निसर्ग मानले. ओसाडी हा त्या भूमीचा स्वभाव नव्हता. ती एका संकटाची खूण होती.

पुढे या समजुतीला कायद्याचे बळ मिळाले. १९५१ मध्ये ब्रिटिश अमलाखाली सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान झाले. १९५९ मध्ये त्याचे विभाजन होऊन मसाईंना सेरेंगेटी सोडावी लागली व न्गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रात राहावे लागले. त्या वेळी प्रत्यक्ष गव्हर्नराने मसाईंच्या प्रतिनिधींपुढे आश्वासन दिले होते, की या क्षेत्रात जनावरांच्या आणि रहिवाशांच्या हितात संघर्ष आला तर रहिवाशांचे हित वरचढ ठरेल. साम्राज्यशाहीच्या आश्वासनांचे काय होते हे आपणांस नव्याने सांगावयास नको.

परंतु दोष केवळ साम्राज्यशाहीच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही. ज्या आरुशा शहरातून आज बहुतेक सहली निघतात, तेथेच १९६७ मध्ये ज्युलियस न्येरेरे यांच्या पक्षाने आरुशा घोषणापत्र स्वीकारले. नेत्यांनी कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, घरे भाड्याने देऊन मिळकत करू नये, असा दंडक घालणारे ते घोषणापत्र आपल्या पिढ्यांनी आदराने वाचले आहे. त्याच न्येरेरे यांच्या राजवटीत १९७४ मध्ये न्गोरोंगोरोच्या विवरातील मसाई वस्त्या उठविण्यात आल्या आणि १९७५ मध्ये त्या क्षेत्रातील शेतीवर बंदी आली. लोकांना विचारल्यावाचून लोकांचे कल्याण करण्याचा मोह समाजवादी शासनालाही सुटत नाही, हा धडा आपण विसरू नये.

१९८५ मध्ये न्येरेरे अध्यक्षपदावरून पायउतार झाले; १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार झाला आणि परकीय चलन हा राज्यकारभाराचा ध्यास बनला. १९९२ मध्ये सेरेंगेटीलगतच्या लोलिओंडो भागातील शिकारीचे हक्क संयुक्त अरब अमिरातीतील एका कंपनीला देण्यात आले. २०२२ च्या जूनमध्ये तेथील सुमारे १,५०० चौरस किलोमीटर चराऊ भूमीभोवती राखीव क्षेत्राचे खांब रोवले गेले. विरोध करणाऱ्या मसाईंवर गोळीबार झाला, एक पोलीसही मारला गेला, आणि अनेक कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. त्याच वर्षी न्गोरोंगोरोतील रहिवाशांना सुमारे ६०० किलोमीटर दूर म्सोमेरा येथे हलविण्याची मोहीम सुरू झाली. सरकार तिला ऐच्छिक म्हणते. पण शाळा-दवाखान्यांचा निधी आटवून मिळविलेल्या संमतीला ऐच्छिक म्हणावे काय, असा तेथील लोकांचा सवाल आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हजारो मसाईंनी पर्यटकांच्या गाड्यांचा रस्ता अडविला, तेव्हा कोठे सरकारला त्यांच्याशी बोलावे लागले आणि वर्षअखेरीस दोन आयोगांची घोषणा झाली. गाड्या अडविल्यावर सरकार ऐकते, याचाच अर्थ त्या गाड्यांत बसणाऱ्या प्रवाशाच्या हातीही थोडीफार शक्ती आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. माणसे वाढली, गुरे वाढली, जमीन तेवढीच. पर्यटनाचा पैसा नसता तर चोरट्या शिकारीने हत्ती-गेंडे केव्हाच संपविले असते. यात तथ्य नाही असे नाही. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक परदेशी पाहुणे टांझानियात गेले, आणि तेथील हजारो वाटाड्यांची, चालकांची, आचाऱ्यांची चूल त्यांच्यावर पेटते. म्हणूनच सरसकट बहिष्काराची हाक आम्ही देत नाही. परंतु गुरे आणि रानटी जनावरे परस्परांची वैरी आहेत, हे गृहीतक सेरेंगेटीच्याच इतिहासाने खोडून काढले आहे. १९६० च्या सुमारास तेथे विल्डबीस्टची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती; १९७० च्या दशकाअखेर ती तेरा लाखांच्या घरात गेली. ही वाढ झाली ती मुख्यतः भोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना बुळकांडीची लस टोचली गेल्यामुळे. गुरांमधला रोग हटला आणि कळप वाढले. ज्याच्या गोठ्यामुळे हे झाले त्यालाच आता शत्रू ठरविणे हा शास्त्राचाही द्रोह आहे. ताडोबा-मेळघाटातील गावांच्या पुनर्वसनाचे प्रश्न ज्यांनी हाताळले, त्यांना ही कहाणी ओळखीची वाटेल.

मग जाणाऱ्याने बेत कसा आखावा? पहिली गोष्ट, सात दिवसांत पाच उद्याने उरकण्याचा हव्यास सोडावा. विल्डबीस्टचे कळप वर्षभर फिरत असतात : जानेवारी ते मार्च दक्षिणेच्या आखूड गवताच्या माळावर वासरे जन्मतात, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीवर त्यांचे उतार होतात. एक ऋतू आणि एक प्रदेश निवडून तेथे निवांत राहावे. दुसरी गोष्ट, उद्यानातल्या आलिशान तंबूपेक्षा गावांच्या जमिनीवर, गावांच्या संमतीने चालणाऱ्या वन्यजीव व्यवस्थापन क्षेत्रात काही रात्री काढाव्यात. किलिमांजारोच्या वायव्येस एन्दुइमेत, तारांगिरेजवळ बुरुंगे अशी क्षेत्रे आहेत. तेथील व्यवहारही निर्दोष नाहीत. उत्पन्नातील वाटा गावापर्यंत पोचतो काय, हे विचारावेच लागते. पण विचारावयास तेथे गाव तरी शिल्लक आहे. मसाई वाटाड्याबरोबर पायी हिंडण्यातले साहस जीपच्या छतातून डोके काढण्यात नाही.

तिसरी गोष्ट किलिमांजारोची. ५,८९५ मीटरच्या त्या शिखरावर १९६१ च्या ९ डिसेंबरला अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी ‘उहुरू’ची, म्हणजे स्वातंत्र्याची, मशाल नेली. आज तेथे जाणाऱ्या पाहुण्याचे तंबू, धान्य आणि भांडी हमालांच्या डोक्यावरून जातात. ओझ्याची मर्यादा वीस किलो ठरलेली आहे. स्वस्त सहलींत ती बहुधा हमालाच्याच मानेवर मोडते. १९६९ चा माथाडी कायदा ज्या राज्याने केला, तेथून जाणाऱ्याने मजुरी किती, ओझे कोण तोलते, हमालाला तंबू आणि दोन वेळचे जेवण मिळते काय, हे लेखी विचारावे. हमालांच्या वागणुकीवर देखरेख ठेवणारी ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’ ही संस्था मोशी येथे आहे. तिचे निकष पाळणारी कंपनी निवडावी. चढाईला एक-दोन दिवस जास्त द्यावेत. विरळ हवेचा त्रास कमी होतो आणि कोणाचाच ऊर फुटत नाही.

चौथी गोष्ट, शिकारीचा धंदा करणाऱ्या कंपनीची सहल घेऊ नये, आणि का घेतली नाही हे तिला कळवावे.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आणि आपला ‘सफर’ एकाच अरबी मुळातून आले आहेत. त्याचा अर्थ नुसता प्रवास. त्यात बंदूक नाही, कुंपण नाही, आणि कोणाची वस्ती उठविणेही नाही. साथींनी जरूर जावे, डोळे भरून पाहावे. मात्र परतल्यावर चित्रे दाखविताना सिंहांबरोबर त्या माळावरच्या माणसांविषयीही बोलावे. ते बोलण्यासारखे काही हाती लागावे, असाच बेत निघण्यापूर्वी आखावा.